वादळाशी तडजोड

उसन्या बांबूंवर मंडपाचा धंदा सुरू करून मी करंजाड्यात घर बांधलं, ते घासाघीस करूनच. समोरच्याचा पहिला आकडा कधीच खरा नसतो, अशी माझी श्रद्धा. हवामानालाही मी तोच नियम लावला.

माझ्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे सर आयुष्यभर हवामानाचे अंदाज देऊन निवृत्त झालेले. त्यांच्यावर माझा जुना राग. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी वादळाची शक्यता सांगितली म्हणून मी चिरनेरचं लग्न सोडलं. तिथे पानही हललं नाही. ज्या मंडपवाल्याने ते काम केलं, तो अजूनही भेटला की आधी आभाळाकडे बघतो, मग माझ्याकडे.

या मे महिन्यात माझ्याच मुलीची हळद होती. घरासमोरच्या मैदानात गावाने बघत राहावा असा मंडप घालायचा, हे ती जन्मली तेव्हाच मी ठरवलं होतं. पाच दिवस आधी सर जिन्यात भेटले.

“शेठ, शनिवारी संध्याकाळी जोरदार वादळाची शक्यता आहे. शंभरात चाळीस.”

“पंचवीस करा.”

“अहो, मी भाजी विकत नाही.”

“बरं, तीस. घरचं कार्य आहे.”

ते हसले. मी तो होकार धरला आणि घरी तीस सांगितलं.

दोन दिवसांनी ते म्हणाले, “आता साठ.”

मी भडकलो. “एकदा बोललेला भाव आमच्यात वाढवत नाहीत!”

“दिवस जवळ आला की जास्त नीट दिसतं, शेठ. गेल्या वर्षीही वादळ येणारच, असं मी म्हटलं नव्हतं.”

“मग सांगून उपयोग काय?”

“तयारीला. हॉल बघून ठेवा.”

बायकोने ते ऐकलं. “मैदानाच्या कडंचा हॉल मोकळा हाय. पोरीची हळद हाय, तुमचं परदर्शन नाय.”

मी मधला मार्ग काढला. माणसं आणि जेवण हॉलमध्ये. मैदानात उभारलेला मंडप अर्धा उतरवला, दर्शनी अर्धा झालरींसकट ठेवला. वादळही अर्ध्यावर समाधान मानेल, असा माझा हिशोब. एका बाजूने उघडा मंडप शिडासारखा वारा भरून घेतो, हे मला, मंडपवाल्याला, सुचलं नाही.

शनिवारी पाचच्या सुमाराला माथेरानच्या बाजूने आभाळ काळं झालं. वाऱ्याने छत एका दमात फुगवलं. मी धावत जाऊन कोपऱ्याची दोरी धरली, तर माझेच पाय सुटायला लागले. हॉलच्या दारात मुलगी आली, चेहराभर हळद.

“पप्पा, दोरी सोडा! वीज कडाडतेय!”

“दोन मिनिटं!”

“एकसुद्धा नाही!”

“एकच!”

ती पायऱ्या उतरून सरळ पावसात आली. मी दोरी सोडली. छत रस्त्यापलीकडे गेलं, बांबू आडवे झाले, आम्ही दोघं आत पळालो.

कोपऱ्यात सर चहा पीत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या जागी मी असतो तर एवढा सभ्यपणा मला जमला नसता. मुलगी चिंब भिजली होती, हळद गळ्यावरून ओघळत होती. बायकोने वाटी माझ्यापुढे धरली.

“तुमच्यापायी धुतली ना तिची हळद? आता तुमीच लावा.”

मी वाटीत बोटं बुडवली. दोरीने तळवे सोलले होते. हळद चांगलीच झोंबली.