भिंतीकडे तोंड करून ठेवलेला तांब्या

लोक लेह-लडाखला जाऊन येतात आणि बारा भागांत लिहितात. मी अंधेरीहून घाटकोपरला गेले होते, तेही शहाऐंशी साली, आणि इतक्या वर्षांनी एकाच भागात उरकते आहे. हसू नका. आता मेट्रोने वीस-बावीस मिनिटांत पोचता, म्हणून तुम्हाला हा प्रवास वाटत नाही. तेव्हा साकीनाक्यावर माणूस म्हातारा व्हायचा, आणि आमच्या तिघींतल्या दोघी तर घरूनच म्हाताऱ्या होऊन निघाल्या होत्या.

जायचं ठरलं ते चार ओळींच्या एका बातमीवरून. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिलेले एक पुढारी होते. नाव लिहीत नाही, कारण त्यांची स्मारक समिती अजून आहे आणि समितीला वाचता येतं. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांचं घाटकोपरचं राहतं घर दर रविवारी दहा ते एक लोकांना बघायला खुलं राहील, असं छापून आलं होतं. 'गुरुजींच्या नित्य वापरातील चष्मा, काठी, घोंगडी व तांब्या पाहावयास मिळेल.' माझ्या सासूबाई, म्हणजे आई, पेपर दुपारी वाचायच्या, सासऱ्यांचा वाचून झाल्यावर. त्या दिवशी त्यांनी ती बातमी तीनदा वाचली आणि म्हणाल्या, "मेधा, मला रविवारी घाटकोपरला ने."

तांब्याचं प्रकरण आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. बेचाळीस साली आई अठरा वर्षांच्या, नव्या नवरीच होत्या. परळला एका खोलीत संसार. त्यांच्या सासूबाई गावी गेल्या होत्या, तेव्हा माझे सासरे, म्हणजे तात्या, एका दाढीवाल्या पाहुण्याला घेऊन आले. तेच हे गुरुजी. पाहुणा चार दिवस माळ्यावर राहिला. पाचव्या दिवशी पहाटे गल्ली मोकळी आहे का बघायला तात्या खाली उतरले. तेवढ्यात आईंनी पाहुण्याला भाकरी बांधून दिली, आणि वाटेत पाणी लागेल म्हणून लग्नात वडिलांनी दिलेला पितळी तांब्याही दिला. पाहुणा गेला, त्याच्याबरोबर तांब्याही गेला. गावाहून परतलेल्या सासूबाईंच्या ते लगेच लक्षात आलं, आणि सुनेने तांब्या गुपचूप माहेरी पोचवला, असं घरात ठरून गेलं.

पोलीस मागावर असताना आईंना बोलता येत नव्हतं. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्या बोलल्या, तर कुणाचा विश्वास बसेना. तात्यांना विचारावं, तर ते म्हणायचे, "जुनं कशाला उकरायचं?" सरकारी नोकरी होती ना! तात्यांनी जन्मात एकच क्रांतिकारक काम केलं आणि रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी ते गुप्त ठेवलं.

खटला चालू ठेवायचं काम अक्काआत्यांकडे होतं. त्या तात्यांच्या थोरल्या बहीण. दिवाळीत आठ दिवसांसाठी आल्या होत्या आणि माघ सरत आला तरी होत्या. डब्यातली साखर कमी दिसली की त्या आईंकडे बघून म्हणायच्या, "माहेराक तर नाय गेली?" देश स्वतंत्र झाला, मागोमाग गोवा स्वतंत्र झाला, पण तांब्याचा निकाल काही लागत नव्हता.

घाटकोपरचं कळल्यावर अक्काआत्या म्हणाल्या, "माका पण येवचा आसा. बघूया तरी हिचो तांब्यो."

तात्या म्हणाले, "उन्हाच्या कशाला जाता?" आणि पेपरचं पान उलटलं.

रविवारी साडेआठला आम्ही अंधेरी पूर्वेला बसच्या रांगेत उभ्या राहिलो. तिकीट माणशी रुपया-सव्वा रुपया पडलं. तेवढ्या पैशात ती बस चकाला, मरोळ, साकीनाका आणि असल्फा इतक्या सावकाश दाखवायची की वाटेवरच्या कारखान्यांच्या पाट्या पाठ व्हाव्यात. साकीनाक्याला एक टेंपो आडवा झाला होता. त्याचा ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होता, कारण त्यालाही दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. अक्काआत्यांनी ओव्याची पुडी काढली. "ह्यापरास देवगडाक बेगीन पोचलंय असतंय," असं त्यांनी कंडक्टरला सुनावलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, मग देवगडची पकडायची ना!"

मी आईंना विचारलं, "तांब्या तुमचाच, हे कळणार कसं? पितळेचे तांबे सगळे सारखेच."

"नाव आहे त्याच्यावर," आई म्हणाल्या. "'सौ. शालिनी वसंत परब हीस वडिलांकडून.' देवगडच्या कासाराकडून बाबांनी घालून घेतलं होतं, ठिपक्याठिपक्यांनी."

"आई, पोलीस शोधत असलेल्या माणसाच्या हातात तुम्ही नवऱ्याचं नाव घातलेलं भांडं दिलंत?"

"मग काय बिननावाचं देणार? लग्नातलं भांडं होतं ते."

असल्फ्याला उभ्या असलेल्यांतले बरेच जण उतरले आणि मला बसायला जागा मिळाली.

घाटकोपरला उतरून पूल ओलांडून पूर्वेला आलो. जाणाऱ्यांसाठी सूचना: स्मारक कुठे आहे असं विचारू नये. आम्ही चार जणांना विचारलं आणि चौघांनी चार दिशा दाखवल्या. शेवटी फरसाणवाल्या भाईंना मी दाढीचं वर्णन करून सांगितलं. ते म्हणाले, "वो चक्की के पीछे? ऐसा बोलो ना. म्यूझियम बोलेगा तो किसको समझेगा?"

पिठाच्या गिरणीमागे दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. गिरणी रविवारीही चालू होती, त्यामुळे आतल्या सगळ्या वस्तूंवर बारीक पीठ बसलेलं, आणि भिंतीवरच्या तसबिरीत गुरुजींची काळी दाढी अर्धी पिकलेली दिसत होती. देखरेखीला सामंत नावाचे गृहस्थ होते. गुरुजींचे पुतणे, पासष्टीचे, खांद्यावर फडकं. आम्हाला बघून त्यांचा आनंद लपेना. नंतर कळलं, त्या महिन्यात आम्हीच पहिल्या. प्रवेश फुकट होता. 'हात लावू नये' अशा पाट्या मी सात मोजल्या. वस्तू पाच होत्या.

सामंतांनी हात मागे बांधले आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. गुरुजींचा जन्म, गुरुजींचा तुरुंगवास, गुरुजींचा मधुमेह. "आजन्म ब्रह्मचारी राहिले. अत्यंत निरिच्छ वृत्ती. उभ्या आयुष्यात कुणाकडून काडी घेतली नाही."

"तांब्या घेतला," आई म्हणाल्या.

सामंत थांबले. भाषणात असं मध्ये कुणी बोलेल अशी सोय नव्हती.

बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानातून आणलेलं एक काचेचं कपाट होतं. त्यात घोंगडीशेजारी तांब्या होता. समोरून अगदी कोरा. अक्काआत्यांनी चष्मा लावून काचेला नाक टेकवलं. "नाव खंय? हेच्यार कायच नाय." त्यांच्या आवाजातलं समाधान मला आवडलं नाही. आईंचा चेहरा मात्र इतका उतरला की मला बसमधले दोन तास परत फिरवावेसे वाटले.

"काका, जरा फिरवून दाखवता का?" मी म्हटलं.

"तसा ठेवण्याचा समितीचा ठराव आहे," सामंत म्हणाले.

"तांब्याचा ठराव?"

सामंत कानामागे खाजवायला लागले. मग हळू आवाजात म्हणाले, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी तांब्यावरचं नाव मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, ह्या शालिनीबाई कोण? गुरुजी ब्रह्मचारी. सभेत कुजबुज झाली. त्याच संध्याकाळी समिती बसली आणि नाव भिंतीकडे करायचं एकमताने ठरलं.

"शालिनीबाई मी," आई म्हणाल्या.

सामंतांनी आधी फडक्याने खुर्ची पुसली आणि आईंना बसवलं. मग जानव्याला अडकवलेली किल्ली काढली आणि ठरावाविरुद्ध कपाट उघडलं. तांब्या दोन्ही हातांनी आईंच्या मांडीवर ठेवताना म्हणाले, "आमचे काका शेवटपर्यंत ह्यातूनच पाणी प्यायचे. म्हणायचे, ज्यांचा आहे त्यांना परत करायचाय. बाईंनी नावाबरोबर पत्ताही घातला असता तर केव्हाच पोचवला असता." परळची ती खोली आणि ती चाळ गुरुजींना पुन्हा सापडली नव्हती. अंधारात आले होते, अंधारात गेले.

आईंनी नावावरून बोट फिरवलं. मग तांब्या अक्काआत्यांपुढे धरला. "वाचा, वन्सं."

अक्काआत्यांनी एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं. 'वडिलांकडून' पर्यंत येईतो त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आता तरी पटलं?" आईंनी विचारलं. त्यांना फक्त 'हो' ऐकायचं होतं. चव्वेचाळीस वर्षं त्या तेवढ्यासाठी थांबल्या होत्या.

अक्काआत्या एकदम उसळल्या. "माका काय म्हायत गो! वसंतानच सांगल्यान आवशीक. माहेराक धाडल्यान म्हणान. मी थंयच बसलेलंय!"

वसंत म्हणजे तात्या. बायकोने तांब्या माहेरी पाठवला, असं आपल्या आईला त्यांनीच सांगितलं होतं. इतकी वर्षं आईंना वाटत होतं, नवरा भित्रा आहे, म्हणून आपल्या बाजूने बोलत नाही. मुळात ती गोष्ट त्यानेच रचली, हे त्यांना घाटकोपरला येऊन कळलं. मला तात्यांचा इतका राग आला की ते समोर असते तर मी सूनपण विसरले असते.

आईंनी तांब्या परत मांडीवर घेतला आणि पदराने पुसला. थोड्या वेळाने सामंत म्हणाले, "घेऊन जा. समितीला मी काय ते सांगेन."

"राहू दे इथेच. फक्त नाव पुढे करून ठेवा."

"पण गुरुजींचं..."

"माझ्या नवऱ्याचं नाव आहे त्याच्यावर, माझ्या बापाचा उल्लेख आहे. त्यात तुमच्या गुरुजींचं काय बिघडतं?"

सामंतांनी तांब्या नाव पुढे करून ठेवला. आमची पाठ फिरल्यावर त्यांनी तो पुन्हा वळवला की नाही, मला माहीत नाही. अभिप्रायाच्या वहीत मी 'छान' लिहून खाली सही केली.

खाण्याचं सांगायचं तर स्टेशनाजवळ गरम खमण उत्तम मिळालं. अक्काआत्यांनी कधी नव्हे ते स्वतःच्या बटव्यातून घेतलं आणि पहिली पुडी आईंपुढे केली. आई म्हणाल्या, "भूक नाही, वन्सं." परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. साकीनाका आला, अडकला, सुटला, तरी आई खिडकीबाहेरच बघत होत्या.

घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. तात्या बनियनवर शब्दकोडं सोडवत बसले होते. "काय, झालं दर्शन?" त्यांनी विचारलं.

आई चपला न काढताच त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "तांब्या माहेरी गेला असं सासूबाईंना कोणी सांगितलं?"

तात्यांनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीने भिंतीकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "दिवस कसले होते! त्या तांब्यावर माझं अख्खं नाव. खरं सांगितलं असतं तर माझ्या आईने चाळभर केलं असतं. काहीतरी सांगणं भाग होतं."

"बरोबर. तेव्हा बरोबरच होतं," आई म्हणाल्या. "आणि सत्तेचाळीसनंतर?"

तात्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"नंतर राहून गेलं," ते म्हणाले.

"राहून गेलं," आई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "बोलणं कानावर गेलं तेव्हा माझे बाबा देवगडहून बोटीने आले होते. दुसरा नवा तांब्या घेऊन. मुलीवर आळ नको, म्हणून. सासूबाई म्हणाल्या, बघा, चोरी कबूल केली. तुम्ही तिथेच होता. तुम्ही तो तांब्या त्यांच्या हातून घेतलात आणि मला म्हणालात, आत नेऊन ठेव. बाबा पाणीसुद्धा न पिता गेले. पुन्हा ह्या घराची पायरी चढले नाहीत."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. अक्काआत्यांनी पदर तोंडाला लावला. "चाळीस वर्सां मी तुझा खोटा बोलतंय, वसंता," त्या म्हणाल्या, "आणि तू पेपर वाचतंस?"

"माझ्या भावाला पत्र लिहा," आईंनी तात्यांना सांगितलं. "आत्ताच."

तात्या लगबगीने उठले. "पाकिटातून पाठवतो. म्हणजे सविस्तर लिहिता येईल."

"पाकीट नको. कार्ड."

ज्यांनी पोस्टकार्डाचा जमाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात कार्ड म्हणजे जाहीर सभाच. आधी पोस्टमास्तर वाचणार, मग पोस्टमन, वाटेत ज्यांना अक्षरओळख आहे ते सगळे, आणि सगळ्यात शेवटी ज्याचं पत्र त्याला ते मिळणार. तात्यांना हे पुरतं ठाऊक होतं. तरी त्यांनी कार्ड काढलं. पहिल्या ओळीत लिहिलं, 'शालिनीचा काही दोष नव्हता.' आईंनी वाचलं आणि परत दिलं. "माझं राहू द्या. बाबांचं लिहा." तात्यांनी दुसरं कार्ड घेतलं.

सोमवारी ऑफिसला जाताना ते कार्ड पेटीत मी टाकलं. वाचलं अर्थातच. 'तुमच्या वडिलांकडे आमचा तांब्या कधीच आला नव्हता. मी खोटं बोललो. वसंत परब.' उरलेलं कार्ड कोरं होतं.

त्यानंतर पुष्कळ प्रवास झाले, चारधामसुद्धा. तिथले फोटो आहेत, घाटकोपरचा एकही नाही. पण कुणी आयुष्यातला मोठा प्रवास विचारला की मला ती साकीनाक्याला अडकलेली बस आठवते, आणि ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघणाऱ्या आई. गुरुजींच्या घराचं काय झालं म्हणाल, तर गिरणी गेली, कौलं गेली, तिथे आता सात मजले आहेत. स्मारक तळमजल्यावर आहे, असं ऐकते.

कार्ड टाकल्यावर तीन आठवड्यांनी आईंच्या भावाचं उत्तर आलं. तेही कार्डावरच.

'तुमचे कार्ड पोचले. माझ्या हाती येण्याआधी गावात सर्वांना समजले होते. रात्री घरात सगळ्यांना बसवून पुन्हा मोठ्याने वाचून दाखवले. बाबांना जाऊन एकतीस वर्षे झाली. बाकी सर्व ठीक.'

त्या घरात येऊन मला सहा वर्षं झाली होती. आईंना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तात्या उठून जवळ आले, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ," आणि अक्काआत्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडत राहिल्या.