गाडीतळावरचा फालतू माणूस

मी पोटासाठी नेमकं काय करत होतो, हे बारामतीच्या माझ्या आत्याला मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. एकोणीसशे पस्तीस-छत्तीसचा सुमार असेल. मुंबईची एक कंपनी कारखानदारांना सल्ला विकायची आणि मी तिच्या नोकरीत होतो. कुठं वेळ वाया जातो, कुठं माणसं जास्त झालीत, हे शोधून लिहून द्यायचं.

"म्हंजी तू कारखान्यात काय बनवतूस?" आत्या विचारायची.

"काही नाही."

"मग मोडल्यालं नीट करतूस?"

"तेही नाही."

"मग तुला पगार कशाचा देत्यात?"

मी चिडून पुढ्यातल्या भाकरीवर तुटून पडायचो. चिडायचो, कारण उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यानं आमच्या कंपनीला बोलावलं, तेव्हा मी त्या बाजूचा म्हणून मलाच पाठवलं. कारखान्याची तक्रार साधी होती. उसाच्या बैलगाड्या तळावर ताटकळत राहायच्या आणि तरी आत ऊस वेळेवर पोचायचा नाही. निघताना आमच्या साहेबानं मला एक स्टॉपवॉच दिलं आणि एक ताकीद दिली. ज्याचं काम मोजायचं, त्याच्याशी बोलायचं नाही; बोललं की माणूस काम बदलतो, म्हणे. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. त्या वयात मला बरंच काही शहाणपणाचं वाटायचं.

दौंडहून छोट्या रुळांच्या आगगाडीनं बारामती, तिथून मोटार, मग टांगा असा मी पोचलो आणि तळाच्या कडेला घड्याळ घेऊन उभा राहिलो. कुणाशी बोलत नव्हतो, त्यामुळं लोकांनी मला वाटेल ते ठरवलं. एका बाईनं पोराचा दंड माझ्यापुढं करून त्याला देवी टोचायला सांगितलं. एका गाडीवानानं आपलं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्तीला आणलं. मी नुसती मान हलवत होतो. घड्याळवाला तर माझ्या नावानं बोटं मोडत गेला.

तळावर एक म्हातारा होता. सगळे त्याला आबा म्हणत. पूर्वी मेंढरं राखायचा. कळप मोडल्यावर कारखान्यानं त्याला रांग सांभाळायला ठेवलं होतं. आता सांभाळायचा म्हणजे काय, ते मला तीन दिवस पाहूनही कळेना. दिवसभर तो रांगेतून वर-खाली हिंडायचा, एखाद्या बैलाच्या मानेवर हात ठेवायचा, गाडीवानाकडून चिमूटभर तंबाखू घ्यायचा, आणि मध्येच मागची एखादी गाडी काढून पार वजनकाट्यापाशी नेऊन उभी करायचा. ज्यांना डावललं, ते चकार शब्द काढायचे नाहीत. मी वहीत लिहिलं : तंबाखू घेऊन नंबर पुढं करतो. त्याखाली लिहिलं : पद अनावश्यक. तळावर शिरतानाच गाडीला आकडा असलेला पितळी बिल्ला द्यावा, आणि नंबर सोडून एकही गाडी पुढं घेऊ नये.

लिहिताना हात अडखळला, हे खोटं नाही. हा म्हातारा उद्या खाईल काय, असंही मनात आलं. पण ते कुठल्या रकान्यात लिहायचं, ते समजेना. मग कागद साहेबाकडं गेले आणि मला शाबासकी मिळाली.

पुढच्या हंगामात, सल्ला लागू पडला का ते पाहायला, मला पुन्हा पाठवलं. लागू पडला होता. गाड्या बिल्ल्यानं येत होत्या, लवकर रिकाम्या होत होत्या. मॅनेजरनं चहा पाजला, पाठीवर थाप मारली. मी खुशीत तळावर आलो आणि रांगेच्या शेपटीला आबा दिसला. दुसऱ्या कुणाची तरी गाडी हाकत होता. गळ्यात बिल्ला, बैलाच्या मानेवर लिंबाएवढी सूज. रांग दहा पावलं सरकली की बैल पुन्हा जुवाखाली, आणि प्रत्येक हिसक्याला त्याचे डोळे पांढरे व्हायचे.

या खेपेला बोलायची बंदी नव्हती. मी विचारलं, "आबा, तुम्ही गाड्या पुढं का घालत होतात?"

"ज्याच्या बैलाचा खांदा जुवानं सुजून आलाय, त्यो आधी सुटावा म्हणून, सायेब. दुसरं काय?"

"आणि तंबाखू?"

"दिसभर हिंडतुया म्हणून द्यायची पोरं." तो माझ्याकडं बघतच राहिला. "तुमी तीन दिस हितंच हुता की. इचारलं का न्हाय?"

मला भयंकर लाज वाटली. नुसत्या लाजेनं भागेना, म्हणून मी तरातरा काट्यावर गेलो आणि कारकुनाला म्हणालो, त्या म्हाताऱ्याची गाडी आधी घ्या. त्यानं मॅनेजरचा लेखी हुकूम माझ्यापुढं धरला. नंबर सोडून एकही गाडी पुढं घेऊ नये. वाक्य माझंच होतं. मी आवाज चढवला, मुंबईच्या कंपनीचं नाव घेतलं, आणि शेवटी वैतागून तो म्हणाला, "बरं, आणा एकदाची."

मी जवळजवळ पळतच परत आलो. "चला आबा, पुढं घ्या."

आबा जागचा हलला नाही.

"माजी नगं सायेब. माज्या म्होरं तीन बैल हायत. त्यांचं खांदं ह्याच्यापरीस वाईट हायत. घालायचंच आसंल तर त्यास्नी घाला."

"कुठले तीन?"

"हात लावून बघा की. कळतंय."

माझ्या खिशात स्टॉपवॉच चालूच राहिलं होतं. मी रांगेच्या टोकापासून निघालो आणि एकेका बैलाच्या मानेवर हात ठेवत गेलो. काही बैल बिचकले, काही उभे राहिले. सगळ्याच माना गरम लागत होत्या. गाडीवान माझ्याकडं आशेनं बघत होते. मी काट्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. ते तीन बैल मला काही सापडले नाहीत.