बाडमेरच्या वाटेवरचं कोकरू

जिवनबाई साखरा गावची. बाप मेंढरं राखायचा, त्यामुळं तिचं बालपण माळामाळानं गेलं. लग्न झालं ते हिंगोलीच्या तातेराव ड्रायव्हरशी, आणि मेंढरं सुटली ती सुटलीच. दोन खोल्यांच्या घरात सैपाक करता करता तिला मधूनच मेंढराची घंटी ऐकू यायची. ती दारात येऊन बघायची. रस्त्यावर काहीच नसायचं.

२००१ च्या चैत्रात तातेरावाला वसमतहून हळदीची पोती घेऊन राजस्थानात बाडमेरला जायचं होतं. क्लीनर बहिणीच्या लग्नाला गावी गेलेला.

"एकट्याचा डोळा लागला तं?" जिवनबाई म्हणाली. "मी येते संगं बोलायला."

"चार दिवसांची वाट हाय. सगळा रेताड मुलूख. काहून तकलीफ घेतीस?"

"मी काय पायी येऊन राहिले व्हय?"

तातेराव हसला. दुसऱ्या दिवशी ती भाकरीचं गाठोडं घेऊन केबिनमध्ये चढली.

पहिले दोन दिवस ती अखंड बोलत राहिली. तिसऱ्या दिवशी जोधपूर मागं पडलं आणि तिचं बोलणं आपोआप थांबलं. झाडं आधी बुटकी झाली, मग एकेकटी उरली. बांध संपले, विहिरी संपल्या. रस्ता इतका सरळ की गाडी चालतेय का उभी आहे तेच कळेना. वाळू पिवळी, ऊन पिवळं, केबिनभर हळदीचा वास. लांबवर उंट चालले होते. मृगजळात त्यांचे पाय विरघळून नुसती अंगं तरंगत होती. आपण कुठं निघालो, कशासाठी, हेही तिला आठवेनासं झालं. जीव मात्र हलका झाला होता.

"झोपलीस का?" तातेरावानं विचारलं.

"न्हाई. पाहून राहिले."

दुपारी वाऱ्यानं वाळू रस्त्यावर आणून टाकली होती, तिच्यात मागची चाकं रुतली. तातेरावानं बराच वेळ उकरून पाहिलं. शेवटी एक जीप आली, तिच्यात बसून तो ट्रॅक्टर आणायला गेला. "गाडी सोडू नको," एवढं सांगून गेला.

जिवनबाई ट्रकच्या सावलीत बसली. कुठं पाखराचासुद्धा आवाज नव्हता. मग वाऱ्यावर मेंढीचं ओरडणं आलं. तो आवाज तिला बराबर ठाऊक होता. आवाजामागं ती टेकाडावर चढली. पलीकडं गवतानं शाकारलेली गोल झोपडी होती, बाहेर एक म्हातारी मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मेंढी विताना अडली होती.

जिवनबाईनं एकदा मागं वळून पाहिलं. टेकाडावरून ट्रक दिसत होता. ती खाली उतरली. तिनं खूण करून पाणी आणि तूप मागितलं, हात कोपरापर्यंत धुतले आणि मेंढीपाशी बसली. कोकराचा एक पाय मागं मुडपला होता. असं करताना तिनं बापाला कितीदा पाहिलं होतं. डोळे मिटून तिनं बोटांनी तो पाय हळूच पुढं आणला. कोकरू बाहेर आलं, पण हललं नाही. तिनं त्याचं तोंड पुसलं, नाकात फुंकर घातली, गवतानं अंग चोळलं. बऱ्याच वेळानं ते शिंकलं.

म्हातारी आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. जिवनबाईला शब्द कळला नाही. "व्हय," ती म्हणाली. दोघी मेंढीला टेकून बसल्या, ताक प्यायल्या.

संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन तातेराव आला तर ट्रकपाशी कुणीच नाही. घाबरून तो पावलांच्या ठशांमागं आला. बायकोच्या मांडीवर कोकरू झोपलेलं होतं. तो रागावणार होता, पण तिच्या तोंडाकडं पाहून शेजारी टेकला.

परतीच्या वाटेवर, घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "मला दोन मेंढ्या घेऊन द्या."

"हिंगोलीत? कुठं चारतीस?"

"चारीन."

दोनाच्या वीस झाल्या. हिंगोलीबाहेरच्या पडीक रानात ती रोज त्यांना घेऊन जाऊ लागली. तातेराव पुढं दोनदा बाडमेरला गेला. दोन्ही वेळा निघताना त्यानं विचारलं, "येतीस का?"

"मेंढरं कोण पाहील?"

दुसऱ्या खेपेला त्यानं मुद्दाम गाडी थांबवून ती झोपडी शोधली. सापडली नाही. वाळूची टेकाडं सरकली होती, सगळीकडं सारखंच दिसत होतं. घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा जिवनबाई एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होती.

"असंल तिथंच," ती म्हणाली. "तुमी गाडीतून पाहिलं असंल. पायी गेल्याबिगर न्हाई दिसत ती."