मिठा-लिंबानं घासलेलं काचेचं भांडं

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचायला शिकवलं ते वडशाच्या कॉलेजातल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांनी. रसायनाच्या प्रयोगशाळेत भांडी धुण्याचं काम माझं, आणि माझ्यासारखी भांडी कोणी धूत नव्हतं, हे मी आजही सांगते.

आमच्या मॅडम तेव्हा पीएचडी करत होत्या. त्यांच्या घरात एवढं शिकणाऱ्या त्या पहिल्याच. प्लॅटिनमची एक इवलीशी तार आणि कागदावर रेघ ओढणारं यंत्र त्यांनी नागपूरहून आठवडाभरासाठी मागून आणलं होतं. सोमवारच्या गाडीनं परत करायचं म्हणजे करायचंच.

मॅडमनी आम्लाची बाटली उघडली तसा मला माहेरचा वास आला. माझं माहेर एटापल्लीकडचं, तिकडे लाल मुंग्यांची चटणी करतात. मॅडम हसल्या, म्हणाल्या, मुंग्यांच्या अंगातलंच आम्ल आहे हे. त्यात तार बुडवून एकसारखा करंट सोडायचा. मग कशाला हात न लावता यंत्राचं पेन वर जाई, खाली येई, परत वर. मला वाटलं, यंत्र बिघडलं. तर नाही. आम्ल जळताना तारेवर न दिसणारा थर बसतो, म्हणून विजेचा दाब चढतो. दाब चढला की तो थरच जळून जातो, तार मोकळी होते आणि पुन्हा मळू लागते. आपणच मळणारी, आपणच स्वतःला घासणारी तार! मी बघतच राहिले. पेनचे सहा झोके झाले आणि विजेची लाइन गेली. प्रबंधासाठी तासभराचे झोके हवे होते.

संध्याकाळी मॅडम गेल्यावर मला वाटलं, उद्या प्रयोगाचं भांडं लखलखीत पाहिजे. नुसत्या गाळलेल्या पाण्यानं माझं मन भरेना. सणाला पितळ घासतो तसं मी मीठ-लिंबू घेतलं. भांड्याच्या दोन कप्प्यांमध्ये बारीक छिद्रांची काचेची चकती होती, तिच्यावरही मीठ चोळलं.

दुसऱ्या दिवसापासून पेन सरळ चाललं. मॅडमनी आम्ल बदललं, तार तापवली, वायरी उपसल्या. शनिवारी भांडं उजेडात धरून त्यांनी विचारलं, "मावशी, हे कायनं धुतलं?"

"मिठा-लिंबानं."

त्या स्टुलावर बसल्या. "मिठाचा कण बी चालत नाई याले. तो तारेलेच चिकटून बसते."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मीठ काढायला शुद्ध पाणी हवं, पण ते गाळायचं यंत्र विजेवरचं, आणि दिवसा लाइन नाही. मी गॅरेजवाल्या चाचांकडून बॅटरीत घालायचं पाणी आणलं, तेही तसंच शुद्ध असतं. ते म्हणाले, बाई, बर्तन धुवाले हे पाणी नेणारी तूच पहिली. रविवारी दिवसभर चकती भिजवली, पाणी बदललं. लाइन आली तेव्हा पेन थरथरलं, अर्धा झोका घेतला आणि पुन्हा सरळ झालं. चकतीतून मीठ झिरपतच होतं.

मला राहवेना. "हातानं हलवू का जी पेन?"

"नाई मावशी. ते आपोआपच हलाले पायजे."

सोमवारी मी यंत्राचं आणि तारेचं खोकं गाडीत चढवून दिलं. सहा झोक्यांचा कागद मॅडमच्या पर्समध्ये होता. खिडकीतून त्या म्हणाल्या, चकती भिजवून ठेवा, तार पुन्हा मागून आणू. मी रोज पाणी बदलत राहिले. प्रबंधातून झोक्यांचा भाग मॅडमनी गाळला हे कळल्यावरही बदलत होते. ती तार काही परत आली नाही.