आधी उलटी, मग कुत्रा

११ जानेवारी, रविवार. दुपारी तीन वाजता बादली आणि फडकं घेऊन ओटी पुसायला बाहेर आले आणि बादली तशीच खाली ठेवली. मुकादमने, म्हणजे आमच्या कुत्र्याने, ओटीवर दोन ठिकाणी उलटी केली होती. एक पायरीपाशी, एक झोपाळ्याखाली. मी फडकं बाजूला टाकलं, पडवीतून दोन टोपल्या आणल्या आणि दोन्ही उलट्यांवर पालथ्या घातल्या. असं करणारी नागावात मी एकटी नाही. ज्या ज्या घरचं जनावर ड्रेसरकाकांच्या हाताखालून गेलं, त्या त्या घरात कुत्रा ओकला की फडकं मागे राहतं आणि टोपली पुढे येते.

काका गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टर सुई टोचत असताना बैलाचं डोकं धरणं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी रेवदंड्याहून सायकल मारत यायचे, कारण लोक बोलवायचं थांबले नाहीत. अंगणात सायकल लावली की कुत्रा कुठे आहे हे विचारायचेच नाहीत. "उलटी कुठं हाय?" हा पहिला प्रश्न. केरसुणीतून एक हीर उपसायचा, उकिडवं बसायचं आणि त्या हिराने उलटी पसरून बघायची. मग वाकून वास घ्यायचा. बघणाऱ्यांना शिसारी यायची. काका म्हणायचे, "कुतरा काय बोलनार? ही बोलते. आधी हिला इचारू, मग त्याला."

माझी आणि त्यांची पहिली गाठ याच मुद्द्यावर पडली. तेव्हा आमच्याकडे काळी कुत्री होती. ती सकाळी एकदा ओकली. पाहुण्यांसाठी खोल्या चालवणारं घर, ओटीवर घाण कशी चालेल? मी लगेच फिनेल ओतून सगळं लखलखीत केलं. दुपारपर्यंत कुत्री आणखी चार वेळा ओकली आणि चारही वेळा मी फिनेल ओतलं. मग घाबरून काकांना बोलावलं. ते आले, ओटीकडे बघितलं, वास घेतला, कुत्रीचे पंजे उचलून त्यांचाही वास घेतला.

"सूनबाय, ही ओल्या फरशीवरून चालते का?"

"चालते की."

"आन् मग पाय चाटते?"

"चाटते."

"मंग आईक. पयली उलटी कुतरीची. बाकीच्या चार तुझ्या."

ते माझ्या सासऱ्यांचे मित्र, म्हणून मी सूनबाय. मला राग आला होता, पण तो दाखवायला तोंड राहिलं नव्हतं. त्यांनी कुत्रीचे पाय साबणाने धुवायला लावले, पाणी पाजायला लावलं आणि निघाले. मी चहा टाकू का म्हटलं, तर म्हणाले, "ती खाल्ल्याबगर मी न्हाय घेत." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला न बोलावता हजर. "खाल्लं का?" खाल्लं म्हटल्यावर झोपाळ्यावर बसून दोन कप चहा प्यायले आणि चहात आलं कमी आहे हेही सांगितलं.

हा चहाचा नियम त्यांनी कधी मोडला नाही. जनावर आजारी असलेल्या घरात ते पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. यात व्रत वगैरे काही नव्हतं. मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "चाय घेतली की मानूस बसतो. बसला की गप्पा. गप्पांत जनावर मरतं." एवढंच.

कुत्रा ओकला की आपल्याकडे लोकांना पहिली शंका येते ती शेजाऱ्याची. विष घातलं. काकांना या शब्दाचा फार कंटाळा. रेवदंड्यात एका कोळणीने असाच शेजारणीच्या नावाने शंख केला होता. मी सुकी मासळी आणायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं. दोघी पदर खोचून समोरासमोर, मधे कुत्रा लोळलेला आणि काका उकिडवे बसलेले, हातात हीर. बऱ्याच वेळाने त्यांनी उलटीतून निळ्या दोऱ्याचं एक गुंतवळ वर काढलं.

"ह्ये कुनाच्या जाल्याचं?"

दोघी वाकून बघायला लागल्या. जाळं शंख करणाऱ्या कोळणीचंच होतं, तिनेच फाटका तुकडा दारात टाकला होता. मासळीचा वास म्हणून कुत्र्याने गिळला. काकांनी ते गुंतवळ तिच्या हातात दिलं. "घे, तुझं इष." शेजारीण हसली आणि मग कुत्र्याच्या मालकिणीलाही हसावं लागलं. कुत्र्याला डॉक्टरांकडे नेलं, तो वाचला. भांडण मात्र सुकत घातलेल्या बोंबलांवरून पुढच्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं. काका म्हणाले, त्याला माझ्याकडे औषध नाही.

मुकादमलाही त्यांनीच आणलं. चार वर्षांपूर्वी सायकलच्या पिशवीतून पिल्लू काढून खळ्यात सोडलं. आमच्याकडे सुपारी सोलायला बायका बसल्या होत्या. पिल्लू त्यांच्यासमोर जाऊन बसलं आणि एकेकीच्या हाताकडे बघायला लागलं. काका म्हणाले, "सवता काय करत न्हाय, दुसऱ्याचं बघतंय. मुकादम हाय." नाव पडलं ते पडलं.

तर रविवारचं सांगत होते. तिसरी उलटी खळ्यात झाली, चौथी तुळशीपाशी. टोपल्या संपल्या, म्हणून एकीवर मी तांदूळ धुवायची रोवळी घातली. मुकादमच्या तोंडातून लाळेची तार लागली होती आणि मागचे पाय एकमेकांत अडकत होते. खोल्या झाडणारी यमुना हातातली केरसुणी तशीच धरून उभी होती.

"वयनी, ह्याचं लक्षान बरं न्हाय. इष घातलं कुनीतरी."

"यमुना, तू आधी केरसुणीतला एक हीर दे."

मी पहिली टोपली उचलली आणि उकिडवी बसले. पंचेचाळिशीत गुडघे कुरकुरतात, पण बसले. हिरव्या चिंध्या दिसल्या. गवत खाल्लं असेल, म्हणून उठणार होते. पण काका वास घेतल्याशिवाय उठायचे नाहीत. वाकले. गुलकंदाचा वास आला. पुन्हा हीर फिरवला. हिरव्या चिंध्या गवताच्या नव्हत्या, पानाच्या होत्या, आणि त्यांत पांढरट कातऱ्या.

काकांचे प्रश्नही मला पाठ होते. "रोजचं काय ते सांगू नको, आज काय येगलं झालं ते सांग. आन् पावना असंल तर त्याला जाऊ देऊ नको. पावना गेला की साक्षीदार गेला." आमचे साक्षीदार खोलीतून बॅगा बाहेर आणत होते. मुंबईचं कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुलं. मांडव्याहून पाचची बोट पकडायची म्हणून रिक्षा दारात उभी.

"ताई, टोपल्यांखाली काय आहे? कोंबड्या?" नवऱ्याने विचारलं.

"कुत्र्याची उलटी. जाण्याआधी एक सांगा, जेवताना याला काही घातलंत का?"

"छे. तुम्ही पाटी लावलीय ना, कुत्र्याला खायला घालू नये म्हणून." आणि त्याने बायकोकडे बघितलं.

अशा बघण्यावर काकांचा एक तोडगा होता. आधी मी रागावणार नाही म्हणून सांगायचं, मग विचारायचं, आणि उत्तर मिळालं की मग रागवायचं. मी म्हटलं, "मी रागावणार नाही. त्याचा जीव जाईल, म्हणून विचारतेय. जेवणावर दिलेले विडे कुठे गेले?"

बायकोच म्हणाली, "अहो, तुम्ही इतक्या प्रेमाने करून दिलेत. मी अर्धा खाल्ला आणि गरगरायला लागलं. मुलांनी नकोच म्हटलं, यांना तर विडा कधीच सोसत नाही. तसेच ताटात ठेवले तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"म्हणून टेबलाखाली. किती?"

"साडेतीन."

आमच्या वाडीतली ओली सुपारी घालून पाहुण्यांना जेवणावर विडा द्यायचा, ही माझी या वर्षीची टूम. मी नवी नवरी असताना मलाही अशीच सुपारी लागली होती. घाम, गरगर, पायांखाली जमीन नाही. इकडे सुपारी लागणं काय असतं हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दर वर्षी खळ्यात सुपारी पसरलेली असते, मुकादम तिच्यात लोळतो, एकही दाणा फोडत नाही. म्हणून सुपारी कुत्र्यालाही लागेल हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं. गुलकंद आणि खोबरं घालून त्याच्यापुढे कुणी ठेवली नव्हती, एवढंच.

मग मी रागावले. थोडक्यात, कारण त्यांची बोट होती आणि मला अलिबागच्या डॉक्टरांना गाठायचं होतं. मसाल्याची रिकामी बाटली घेतली, तिच्यात टोपलीखालचा नमुना भरला. माझ्या नवऱ्याने मुकादमला गोणपाटात गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर घेतलं. अर्ध्या रस्त्यात मुकादम पाचव्यांदा ओकला आणि त्याचे डोळे फिरले. नवरा म्हणाला, "हळू चालव." मी म्हटलं, "तू त्याचं तोंड खाली धर, गाडी मी बघते." रविवारची मुंबईला निघालेली सगळी वाहनं माझ्या पुढे होती. हॉर्न वाजवून मी कोणाकोणाच्या शिव्या खाल्ल्या, मोजल्या नाहीत.

डॉक्टर तरुण आहेत. फोन केला म्हणून सुट्टी असून दवाखाना उघडून उभे होते. मी टेबलावर आधी बाटली ठेवली, मग कुत्रा.

"हे काय?"

"उलटी. ओली सुपारी आहे, साडेतीन विड्यांची. दीड वाजता खाल्ली, तीनच्या आधीपासून पाच वेळा ओकला."

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, कपाटाकडे गेले आणि भराभर कामाला लागले. सुई, सलाइन, पुन्हा सुई. हात चालू ठेवून म्हणाले, "लोक येतात आणि म्हणतात, साहेब, अचानक ओकायला लागला, काही खाल्लं नाही. मग मी अंधारात चाचपडतो. हे भरून आणायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आमचे ड्रेसरकाका."

"कुठे असतात? मला भेटायला आवडेल."

"गेले. दोन वर्षं झाली."

कसे गेले ते मी तिथे सांगितलं नाही, इथे सांगते. काकांना सहा महिने उलट्या होत होत्या. काकू उठायच्या आत, पहाटे, विहिरीच्या मागे जायचे आणि वर दोन बादल्या पाणी ओतून यायचे. घरात कुणाला पत्ता नाही. कपडे सैल व्हायला लागले, तेव्हा काकूंनी विचारलं, तर म्हणे सायकल मारून मारून वाळलो. शेवटी त्यांना मुंबईला नेलं, तेव्हा पोटातली गाठ डॉक्टरांच्या हाताबाहेर गेलेली होती. मी भेटायला गेले आणि आजारी माणसाला बोलू नये ते बोलले. "काका, अख्ख्या तालुक्याची उलटी हिराने उकरून बघितलीत आणि स्वतःची धुऊन टाकलीत?"

ते म्हणाले, "टोपली कोन घालनार गो? घरात सगली घाबरली असती." मग विचारलं, "मुकादम खातो का नीट?"

खातो, म्हटलं. ते आमचं शेवटचं बोलणं. मला त्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही. तो जावा असंही वाटत नाही.

डॉक्टरांनी तासाभराने मुकादमला सोडलं. लाळ थांबली होती, पाय अजून लटपटत होते. "पाणी थोडं थोडं द्या. उद्या सकाळी आपणहून खाल्लं तर सुटला समजा. नाही खाल्लं तर लगेच घेऊन या." घरी आलो. यमुना माझी वाट बघत थांबली होती आणि तिने एकाही टोपलीला हात लावला नव्हता. नवऱ्याने विचारलं, "चहा टाकू?" मी म्हटलं, "नको." जेवायलाही नको म्हटलं. भूक नव्हती असं मला वाटलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला भाताची पातळ पेज केली, निववली आणि मुकादमच्या पुढे ठेवली. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग पेजेकडे. वास घेतला, तोंड फिरवलं. मी पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने तो उठला, भांड्यापाशी गेला, एकदा जीभ लावली आणि मग खाली मान घालून सगळी पेज संपवली. भांडं नाकाने ढकलत पार तुळशीपर्यंत नेलं.

मी आत गेले आणि चहा ठेवला. काल दुपारनंतरचा पहिला. आलं जास्त घातलं. मग बाहेर येऊन एकेक टोपली उचलली आणि ओटी धुतली, नुसत्या पाण्याने.