खंडेनवमीची आंघोळ

नव्वदच्या दशकात मी महापेच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तिथल्या कॅन्टीनमागे गोबरगॅसची टाकी बांधायची कल्पना माझीच. शिळा भात, भाज्यांची देठं, पोळ्यांचे तुकडे पाण्यात कालवून आत ओतायचे. ते आंबून गॅस धरायचा आणि टाकीवरची लोखंडी टोपी हळूहळू वर उचलली जायची. त्या गॅसवर आमचा दुपारचा चहा व्हायचा. मी एवढा फुशारलो होतो की पाहुण्याला आधी टाकी दाखवायचो आणि मग पाणी विचारायचो.

टाकी सांभाळायला तळवलीच्या एक मावशी होत्या. त्यांना ठेवलं होतं ते या टाकीपुरतंच. घरात दुसरं मिळवतं कोणी नाही, हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं, तेही मी विचारलं म्हणून.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी फर्मान सोडलं, "उद्या पूजा आहे. एकूण एक मशीन फिनेलने धुवून लख्ख करा." दुसऱ्या दिवशी लेथला, कॉम्प्रेसरला झेंडूच्या माळा चढल्या. टाकीही चकचकीत दिसत होती, टोपीवर हळदकुंकू. मी सर्वांदेखत मावशींचं कौतुक केलं.

दसऱ्यानंतर चार दिवसांत टोपी खाली बसली. शेगडी पेटेना. मी व्हॉल्व उघडले, गळती शोधायला पाइपांना साबणाचा फेस लावला. कुठेच काही सापडेना. शेवटी टाकीच्या तोंडाशी वाकलो, तर दवाखान्याचा वास.

"मावशी, आत काय ओतलंत?"

"फिनेल. भायेरून धुतली, मंग म्हनलं आतून पन नको का?"

माझं डोकं फिरलं. गॅस करणारे जंतूच तुम्ही मारलेत, एवढंही कळत नाही का, असं बरंच काही मी चार माणसांत बोललो. मावशींनी ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तुमीच बोललात ना साहेब, एकूनएक मशीन. ही मशीन नाय का?"

आत काय टाकायचं ते मी त्यांना वर्षभर सांगत होतो. आत काही जिवंत आहे, हे कधी सांगितलंच नव्हतं.

त्याच दिवशी मॅनेजरने मला बोलावून निकाल दिला. दिवाळीच्या सुट्टीआधी या गॅसवर चहा झाला नाही, तर टाकीचा खड्डा बुजवायचा आणि बाईंना येऊ नका म्हणून कळवायचं. कळवणारा मीच. मावशींना हे सांगायचा मला धीर झाला नाही. जेवणसुद्धा गोड लागेना.

टाकीत काय चालतं ते मात्र मी नीट समजावलं. मावशी म्हणाल्या, "म्हनजे दह्यासारखंच. इरजन लागल."

आम्ही दोघांनी मिळून फिनेलचा रबडा उपसला. दारातल्या दोन म्हशींचं ताजं शेण त्या रोज घमेल्यात घेऊन तळवलीहून चालत यायच्या. मला कॅन्टीनचं उष्टं ओतायची घाई झाली होती. त्यांनी बादली माझ्या हातातून काढून घेतली. "दुखन्यातून उठल्याला पयली पेज देतात, साहेब. जेवान मागून."

दहाएक दिवसांनी टोपी वीतभर उचलली. मी काडी लावली, ती विझली. पहिला गॅस पेटत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी दुसरी काडी ओढली. मग रोज सकाळी हाच उद्योग. मी काडी ओढायचो, मावशी बर्नरकडे बघत उभ्या राहायच्या.

सुट्टीच्या आदल्या दिवशी ज्योत धरली. निळी, बारीक, पण विझेना. मी तिथेच पायरीवर बसलो. इतकं हलकं मला पगारवाढ झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

दुपारी मॅनेजरने चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाले आणि गेले. मावशींनी माझा कप पुढे ठेवला.

"मंग, दिवालीनंतर मी येव ना?"

त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

"या," मी म्हणालो. कॅन्टीन भरलेलं होतं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी बोललो ते माझं चुकलं."

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "चा प्या, थंड होतंय."