सेन्सरची वायर

छावणीच्या बोरवर बोर्ड बसवताना मी संस्थेच्या वायरमनला बजावलं होतं: सेन्सरची वायर मोटारीच्या केबलला चिकटू देऊ नका, पाइपच्या दुसऱ्या अंगाने वेगळ्या नळीतून सोडा. त्याने मान डोलावली आणि आपल्याकडे बांधतात तसंच बांधलं. पाइप, केबल, माझी वायर, सगळं एकत्र, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून.

दुष्काळाचं वर्ष होतं. लिंबागणेशच्या अलीकडे आमच्या दूध संस्थेने जनावरांची छावणी काढली होती आणि आसपास हा एकच बोर जिवंत होता. तोही थोडा वेळ पाणी देई, मग दमे. कोरडी चालली की मोटार जळणार, आणि जळली तर म्हशींना पाणी कुठून आणायचं याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. पाटोद्यात माझं बोर्ड दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं. बोर्डावर एक छोटी चिप बसवली: पाणी सेन्सरच्या खाली गेलं की मोटार बंद, भरलं की चालू.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला, तोही माझ्या नवऱ्याच्या फोनवर. मोटार लागते न लागते तोच बंद पडते, बोर्ड खराब आहे.

आम्ही पोचलो तेव्हा वायरमनने बोर्ड बाजूला काढून, स्वतःची एक वायर टाकून मोटार थेट मेनवर डायरेक्ट केली होती. पाण्याबरोबर हवा फुसफुसत होती. मी आधी मेन स्विच पाडला, मग बोलले.

संस्थेच्या चेअरमननी नवऱ्याला विचारलं, चिप बदलावी लागेल का? नवरा शाळेत भूगोल शिकवतो. मला नका विचारू, असं त्याने सांगितलं. तरी पुढचा प्रश्नही त्यालाच.

मी बोर्ड पुन्हा जोडून मीटर लावला. मोटार बंद असताना सेन्सरचा आकडा स्थिर, लागली की नाचायला लागे. शेजारच्या केबलमधली वीज माझ्या वायरीत उतरत होती. चिपला पाणी आहे की नाही तेच कळत नव्हतं. मी म्हणाले, पाइप वर काढा.

"ताई, समद्या बोरात असंच बांधतेत," वायरमन म्हणाला.

"समद्या बोरात चिप हाय का?"

उन्हात पाइप ओढायला कोणी तयार नव्हतं. बोर्डावरच काहीतरी जुगाड करा, असं चेअरमनचं म्हणणं. एखादा कपॅसिटर टाकून आकड्याचा नाच कमी झालाही असता, पण एकुलती मोटार त्याच्या भरवशावर सोडायची माझी तयारी नव्हती. मेन पुन्हा पाडून वायरमनची ती डायरेक्टची वायर मी पकडीने तोडली, पर्समध्ये टाकली आणि सांगितलं, पाइप निघेपर्यंत मोटार लागणार नाही. सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. तो आधीच बाह्या सारून पाइपपाशी उभा होता.

वायर वेगळ्या नळीतून खाली गेली. मोटार लागली, हौदात धार पडली, आणि काही वेळाने टक करून थांबली.

"परत बंद पडली. आता कावून?" चेअरमन नवऱ्याला म्हणाले.

"पाणी खाली गेलं म्हणून," मी म्हणाले. "त्यासाठीच बोर्ड बसवलाय. भरलं की आपोआप लागेल. कोणी हात लावायचा नाही."

बोर्डाच्या पेटीच्या दारासमोर खुर्ची टाकून मी बसले. मोटार स्वतःहून लागली, तेव्हाच उठले. निघताना वायरमनने त्याची वायर परत मागितली. मी दिली नाही.